सोपा फोन कोणता? घड्याळ लावून पाहू या

सप्टेंबरचे दिवस. आष्टी तालुक्यातले एखादे शिवार. बाजरी निसवली आहे, तूर कमरेला लागली आहे आणि ढग नेहमीप्रमाणे नुसतेच येऊन जात आहेत. बांधावर आजोबा आणि नातू उभे आहेत. शेतात कोणते पीक आहे याची नोंद शेतकऱ्याने स्वतःच फोनवरून करायची, ही ई-पीक पाहणीची पद्धत महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. गट क्रमांक निवडायचा, पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे आणि शेतात उभे राहूनच पिकाचे छायाचित्र काढायचे. ही नोंद सातबाऱ्यावर चढते, म्हणून ती चुकून चालत नाही.

"दाबू दाबू बोट दुखायलं, पण ह्याला काही कळंना," आजोबा वैतागून म्हणतात.

"आबा, जोरात नका दाबू. नुसतं टेकवा," असे म्हणत नातू थोडा वेळ पाहतो, मग फोन आपल्या हातात घेतो आणि मिनिटाभरात काम उरकतो. वर सांगतो, "तुमचा फोनच अवघड आहे. माझा बघा, कसा सोपा!"

विद्यार्थिमित्रांनो, असा वाद तुमच्याही घरी झाला असेल. कोणाला एका कंपनीचा फोन सोपा वाटतो, कोणाला दुसऱ्या. कोणी म्हणतो टॅब घ्या, मोठा असतो, डोळ्यांना बरा. दुकानदाराला विचारावे तर तो कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि मेमरीचे आकडे सांगतो. खोक्यावर वजन छापलेले असते, बॅटरी किती तेही छापलेले असते; फोन वापरायला किती सोपा आहे, हे मात्र कोठेच छापलेले नसते. मग ते मोजता येते का?

येते. आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक घड्याळ, एक वही, दोन-तीन फोन आणि थोडा प्रामाणिकपणा एवढे पुरते. मात्र मोजण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. नातवाने जो निकाल दिला, तो कोणाच्या बोटावरून, कोठे उभे राहून दिला?

सोपेपणाची व्याख्या करणे वाटते तितके अवघड नाही. १९९८ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने एक व्याख्या प्रसिद्ध केली. तिचा आशय असा : ठरावीक माणसांनी, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम करायला घेतले, तर ते काम पुरे होते का, त्याला किती वेळ आणि श्रम लागतात, आणि करणाऱ्याचे समाधान होते का, या तिन्हींवरून वस्तूचा सोपेपणा ठरतो. या व्याख्येत 'ठरावीक' हा शब्द तीनदा आला आहे, तो उगीच नाही. पाण्याची उकळी येण्याचे तापमान सांगताना आपण हवेचा दाब सांगतो. तसेच फोन सोपा आहे म्हणताना माणूस, काम आणि जागा सांगावी लागते. वर्गातल्या पंख्याखाली नववीतल्या मुलाच्या हातात सोपा ठरलेला फोन बांधावरच्या आजोबांच्या हातात सोपा असेलच असे नाही. का नसावा, ते आता पाहू. सुरुवात बोटापासून करू.

बोट आणि काच

आजोबा जोर लावत होते. त्यांची समजूत चुकीची नाही, ती आयुष्यभर वापरलेल्या यंत्रांवरून झालेली आहे. पंपाचे बटण असो की रेडिओचे, दाबले की चालते. आजच्या फोनची काच मात्र दाब मोजतच नाही. ती वीज मोजते.

काचेच्या आत इंडियम आणि कथिल यांच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ, पारदर्शक पट्ट्या असतात. काही आडव्या, काही उभ्या. जेथे आडवी पट्टी उभीला ओलांडते, तेथे एक चिमुकला विद्युतधारक तयार होतो. आपले शरीर विजेचे वाहक आहे, कारण त्यात खारट पाणी आहे. बोट काचेजवळ आले की त्या ठिकाणची विद्युतधारिता किंचित बदलते. फोनमधली एक चिप हे सगळे छेदबिंदू सेकंदाला अनेक वेळा तपासत असते. कोठे बदल झाला ते पाहून बोट कोठे टेकले हे ती ठरवते. अशा पडद्याची कल्पना इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली होती. घराघरांत ती पोचायला पुढे चाळीस-पन्नास वर्षे लागली.

आता विद्युतधारकाचे सूत्र ज्यांनी पुढच्या इयत्तांच्या पुस्तकांत डोकावून पाहिले असेल त्यांना हे पटकन कळेल : धारिता पट्ट्यांच्या क्षेत्रफळाच्या सम प्रमाणात आणि त्यांच्यातील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असते. बोटाच्या बाबतीत 'अंतर' म्हणजे काय? काचेची जाडी, आणि त्यावर कातडीच्या कोरड्या, मेलेल्या थराची जाडी. ओलसर, जिवंत कातडी वीज वाहते. कोरडा घट्टा फारसा वाहत नाही. ज्या हाताने वर्षानुवर्षे खुरपे, कोयता किंवा पहार धरली आहे, त्या हाताच्या बोटांवर घट्टे असतात. म्हणजे त्या बोटाचा वाहक भाग काचेपासून थोडा लांबच राहतो. फोनच्या दृष्टीने ते बोट हवेत तरंगत असते! मग कितीही दाबा. उलट दाबल्याने बोट सरकते आणि दुसरेच काहीतरी उघडते.

घट्टे पडलेले बोट किंचित ओले करून पुसा आणि पुन्हा टेकवा, पुष्कळदा फोन लगेच ओळखतो. काचेवर चिकटवलेली आणखी एक संरक्षक काच काढून पाहिली तरी फरक पडू शकतो, कारण तीही अंतरात भर घालते. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय सेटिंगमध्ये दिलेली असते. ती बहुतेकांना ठाऊक नसते.

दोन फोनची तुलना करायला यावरून एक छान प्रयोग सुचतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या स्वच्छ धुऊन वाळवा आणि त्यांचे चौकोनी तुकडे कापा. काचेवर एक तुकडा ठेवून बोट टेकवा. फोनने ओळखले तर दुसरा तुकडा ठेवा, मग तिसरा. किती थरांनंतर फोन 'बहिरा' होतो, तो आकडा वहीत लिहा. प्रत्येक वेळी बोट तेच आणि ते कोरडे हवे. ज्या फोनचा आकडा मोठा, तो घट्ट्यांच्या हाताला जास्त मानवेल. बोटाऐवजी हातात धरलेला स्टीलचा चमचा, लाकडी पेन्सिलीचे मागचे टोक आणि चिरलेली काकडी टेकवून पाहा. यांतले कोण चालते, कोण चालत नाही आणि का, हे शिक्षकांशी बोलून ठरवा.

याला दुसरा प्रकारही आहे. त्यात दोन पातळ वाहक पापुद्रे एकमेकांपासून किंचित दूर ताणलेले असतात आणि दाबल्यावर ते टेकतात. टेकले की विद्युतप्रवाह सुरू होतो आणि रोधावरून जागा कळते. ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठी म्हणून केंद्र सरकारने 'आकाश' हा स्वस्त टॅब जाहीर केला, तेव्हा त्याच्या सात इंची पडद्याला हीच पद्धत वापरली होती, कारण ती स्वस्त पडे. मुलांनी तक्रारी केल्या. हलके बोट टेकवले तर कळत नाही, दाबावे लागते, दोन बोटांनी चित्र मोठे करता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेल्या सुधारित 'आकाश'ला मग विद्युतधारितेवर चालणारा पडदा बसवला गेला. मुलांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण गंमत अशी, की ज्या पडद्याला सगळ्यांनी नावे ठेवली, त्याला घट्टा पडलेला अंगठाही चालला असता, नखही चालले असते आणि काडीही. आबांना कदाचित तोच सोपा वाटला असता!

पांढरा सदरा आणि काळी घोंगडी

आता बोटाकडून डोळ्यांकडे येऊ. आजोबांची दुसरी तक्रार असते की पडद्यावर काही दिसत नाही. नातू म्हणतो, चष्मा लावा. आजोबा म्हणतात, सावलीत दिसतंय की! इथे आजोबांचे बरोबर आहे. हिशेबच करून पाहू.

स्वच्छ दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे १,००,००० लक्स असतो. वर्गातल्या प्रकाशाच्या तो शेकडो पट आहे. आपल्याकडे शेतकरी पांढरा सदरा घालतात. पांढरे कापड अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परत फेकते. उन्हात उजळलेल्या अशा सदऱ्याची तेजस्विता दर चौरस मीटरला सुमारे २५,००० कँडेला भरते. फोनची काच समोरून आलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के भाग आरशासारखा परत पाठवते. ४ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण २५,००० चे ४ टक्के म्हणजे १,०००. साध्या फोनच्या पडद्याची स्वतःची तेजस्विता असते ५०० च्या आसपास. म्हणजे आजोबांना पडद्यावर जे दिसते, त्यात फोनचा प्रकाश एक वाटा आणि त्यांच्याच सदऱ्याचे प्रतिबिंब दोन वाटे!

डोळा अक्षर वाचतो तो उजळ आणि काळ्या भागांतल्या फरकावर. पडद्याचा पांढरा भाग आता ५०० अधिक १,०००, म्हणजे १,५०० झाला. काळा भाग शून्य अधिक १,०००. गुणोत्तर राहिले अवघे दीड. महागडा, १,००० कँडेलाचा फोन आणला तर गुणोत्तर होते २,००० ला १,०००, म्हणजे दोन. एवढे पैसे टाकून दिडाचे दोन!

आता दुसरा उपाय करू. सदऱ्यावर काळी घोंगडी घेऊ. काळी लोकर फार तर ५ टक्के प्रकाश परत फेकते. उन्हात तिची तेजस्विता १,६०० च्या घरात राहते आणि काचेतले तिचे प्रतिबिंब सुमारे ६४ भरते. तोच स्वस्त ५०० चा फोन घेतला तरी गुणोत्तर येते ५६४ ला ६४, म्हणजे जवळजवळ नऊ. प्रत्यक्षात काचेवरची धूळ, बोटांचे तेलकट डाग आणि आकाशाचे प्रतिबिंब यांमुळे आकडा खाली येईल, पण कौल बदलणार नाही. सप्टेंबरच्या उन्हात घोंगडी पांघरा असे मी म्हणत नाही. छातीशी काळी छत्री, दप्तर किंवा गडद रंगाची वही धरली तरी चालेल. काचेत आपल्यासमोर जे दिसते ते गडद असले म्हणजे झाले.

तेव्हा फोनची तुलना वर्गात केली आणि वापर शेतात असेल, तर ती तुलना फसवी ठरेल. सगळे फोन दुपारी बारा वाजता मैदानात नेऊन एकाच मजकुराच्या ओळी वाचायला लावल्या की क्रम उलटापालटा होऊ शकतो.

टॅब मोठा, म्हणून सोपा?

पुष्कळांना असे वाटते की बटणे मोठी असली की टॅब सोपा असणारच. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात काम करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली याच प्रकारच्या प्रश्नावर एक सुरेख नियम शोधून काढला. तेव्हा फोनला पडदे नव्हते. त्यांनी माणसांना धातूची सळई हातात देऊन दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवायला लावली.

हा प्रयोग कागदावर करा. दोन उभ्या पट्ट्या काढा, प्रत्येकी १ सेंमी रुंद, मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर ८ सेंमी. पेन्सिलीने डावीकडे-उजवीकडे असे जमेल तितके भरभर, पण पट्टीबाहेर न जाता २० सेकंद ठिपके मारा आणि ते मोजा. मग दुसरा कागद : पट्ट्या १ सेंमी, अंतर १६ सेंमी. तिसरा कागद : पट्ट्या २ सेंमी, अंतर १६ सेंमी.

फिट्स यांचे गणित असे. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागा. पहिल्या कागदाला उत्तर येते १६. सोळा म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून या कामाची 'अवघडता' ४. दुसऱ्याला ३२, म्हणजे पाचवा घात, अवघडता ५. तिसऱ्याला पुन्हा १६, अवघडता ४. अवघडता एकाने वाढली की हाताला लागणारा वेळ जवळजवळ सारख्याच मापाने वाढतो. पहिल्या आणि तिसऱ्या कागदावर तुमच्या ठिपक्यांची संख्या साधारण सारखी येते का, ते पाहा. पट्ट्या दुप्पट रुंद झाल्या, पण अंतरही दुप्पट झाले. मिळवलेले सगळे गेले.

टॅबचे असेच आहे. फोनचे चित्र सगळ्या बाजूंनी मोठे केले की बटणे मोठी होतात आणि लांबही जातात. नुसत्या हाताच्या वेगाचा विचार केला तर फायदा फारसा नाही. मग टॅबचा फायदा कोठे? बोटाची जाडी मात्र बदलत नाही, तेथे. फोनच्या रुंदीत, म्हणजे साडेसहा सेंमीत, दहा कळा बसवल्या तर प्रत्येक कळ साडेसहा मिमीची होते. काचेला टेकलेल्या मोठ्या माणसाच्या बोटाचा ठसा सहज १० मिमी भरतो. एका कळेवर टेकवलेले बोट शेजारच्या कळेलाही शिवते आणि फोनला अंदाज करावा लागतो. टॅबवर ही अडचण उरत नाही. उलट फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवता येतो. टॅबला दोन हात लागतात किंवा टेबल लागते. एका हातात बैलाचा कासरा असेल तर टॅब निकामी! म्हणजे पुन्हा तेच आले, काम कोणते आणि कोठे.

मराठीची परीक्षा

आष्टीच्या माणसाने फोनवर 'आष्टी' लिहायचे म्हटले तर किती वेळा बोट टेकवावे लागेल? मोजू या. आ, ष, हलन्त, ट आणि दीर्घ ई-कार. पाच. 'क्षेत्र' लिहायला क, हलन्त, ष, ए-कार, त, हलन्त, र, म्हणजे सात. ही झाली देवनागरी कळफलकाची रीत. दुसऱ्या रितीत रोमन अक्षरे टाइप करायची आणि फोनने त्यांचे मराठी करायचे. येथेही बोटे पाच-सहा वेळाच टेकतात, पण नंतर फोन विचारतो, तुम्हाला आष्टी म्हणायचे आहे, अष्टी की आश्ती? वाचून निवड करण्यात गेलेला वेळ आपण सहसा मोजत नाही. शिवाय ज्याला रोमन लिपी येत नाही, त्याला ही वाट बंदच आहे.

देवनागरी कळफलकाचा 'इन्स्क्रिप्ट' नावाचा आराखडा सरकारच्या पुढाकाराने १९८६ साली तयार झाला. क आणि ख एकाच कळेवर, स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला, अशी त्याची शिस्तबद्ध मांडणी आहे. टेबलावर ठेवलेल्या संगणकासाठी, दहा बोटांसाठी केलेली. फोनवर तोच आराखडा एका बोटाला शोधत बसावा लागतो. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. आपण सर्वांनी पहिलीत क, ख, ग, घ, ङ ही वर्णमाला आणि बाराखडी पाठ केलेली असते. मग कळफलक तसाच का नसावा? त्यांच्या 'स्वरचक्र' कळफलकात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्र उमटते, त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी असते, आणि बोट न उचलता हव्या त्या बाजूला सरकवले की अक्षर उमटते. २०१३ साली तो लोकांसाठी खुला झाला.

याच गटाने मराठी कळफलकांची तुलना कशी करावी, याचीही पद्धत बसवली. ती मला फार महत्त्वाची वाटते. एखादा कळफलक पहिल्यांदा हाती आल्यावर माणूस कोठे अडतो, हे एक मोजमाप. तोच माणूस पुष्कळ बैठकांमध्ये सराव केल्यावर किती वेगाने आणि किती बिनचूक लिहितो, हे दुसरे. दोन्ही वेगळी घेतली पाहिजेत, कारण पहिल्या दिवशी सोपा वाटणारा कळफलक महिन्यानंतर संथ ठरू शकतो आणि याच्या उलटही होते. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाचा प्रश्नच असा होता, की पुढचा शब्द सुचवण्याची जी सोय फोन देतात, तिचा मराठी लिहिताना खरोखर उपयोग होतो का? आपण जी गोष्ट उपयोगी आहे असे धरूनच चालतो, तिलाही घड्याळ लावावे लागते.

आता तुमची पाळी

शाळेत तुलना करायची तर दोन फोन घ्या, त्यांना अ आणि ब म्हणा. कंपनीचे नाव कागदाने झाका. 'माझ्या मामाचा फोन' जिंकावा अशी इच्छा नकळत निकालात शिरते. कामे खरीखुरी निवडा : दिलेल्या क्रमांकावर फोन लावणे, तूर पिकाचे छायाचित्र काढून ते एका नातेवाइकाला पाठवणे, 'आष्टी तालुका, बीड जिल्हा' हे मराठीत लिहिणे, आष्टी ते अहिल्यानगर रेल्वेगाडीची वेळ शोधणे. अर्ज भरण्याचे काम दिलेत तर सरावासाठी नावे आणि आकडे खोटे द्या, कोणाचाही आधार किंवा बँकेचा क्रमांक वापरू नका.

पहिला सापळा क्रमाचा. समजा, पाच जणांनी आधी अ वापरला, सरासरी ९० सेकंद लागले. मग ब वापरला, ६० सेकंद. ब तीस सेकंदांनी सरस? थांबा. दुसऱ्या पाच जणांना आधी ब द्या. समजा त्यांना ब वर ८० आणि नंतर अ वर ७० सेकंद लागले. आता अ ची एकूण सरासरी ८० आणि ब ची ७०. फरक फक्त दहा सेकंदांचा! आणि पहिल्या प्रयत्नांची सरासरी ८५, दुसऱ्यांची ६५, म्हणजे वीस सेकंद निव्वळ सरावाने वाचले. तीस सेकंदांतले वीस फोनचे नव्हतेच. बाजारात नवा फोन जुन्यापेक्षा 'अवघड' वाटतो, त्यात या वीस सेकंदांचा हात मोठा असतो.

दुसरा सापळा सरासरीचा. पाच जणांना ४२, ४८, ५१, ५५ आणि ३०४ सेकंद लागले तर सरासरी येते १००, आणि शंभरच्या जवळपास तर कोणीच नाही! येथे मध्यक, म्हणजे ५१, खरे चित्र देतो. पण म्हणून ३०४ वाला खोडून टाकू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तो कोठे अडला ते विचारा. फोनचा दोष बहुधा त्याच्याकडूनच कळेल.

तिसरी अडचण आपल्या चांगुलपणाची. माणूस अडला की आपला हात पुढे जातो. चाचणीत हात मागे बांधून बसा. "आजोबा, तुमची परीक्षा नाही, फोनची परीक्षा आहे," एवढे आधी सांगा. आणि फोन कसा वाटला असे नुसते विचारू नका, कारण पाहुण्यांसमोर सगळेच "चांगलाय की" म्हणतात. जॉन ब्रुक या इंग्रज अभियंत्याने १९८६ साली यावर युक्ती काढली. दहा विधाने, एक स्तुतीचे, एक निंदेचे, अशी आळीपाळीने लिहायची आणि प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत याला १ ते ५ गुण द्यायला सांगायचे. स्तुतीच्या विधानाच्या गुणांतून १ वजा करायचा, निंदेच्या विधानाचे गुण ५ मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून तिला अडीचने गुणायचे. शून्य ते शंभरमध्ये उत्तर येते. सगळीकडे डोळे झाकून ५ लिहिणाऱ्याला बरोबर ५० मिळतात. करून पाहा!

राहिला प्रश्न माणसे कोणती निवडायची. वर्गातली दहा मुले गोळा करणे सोपे असते, म्हणून बहुतेक चाचण्या मुलांवर होतात. वहीत प्रत्येकाच्या नावाऐवजी क्रमांक लिहा आणि पुढे वय, रोज हाताने कोणते काम करतो, चष्मा आहे का, आणि याआधी कोणता फोन वापरला, एवढे टिपा. दहातले निदान चार जण पन्नाशीच्या पुढचे आणि चार जण शेतीत किंवा ऊसतोडीत राबणारे असावेत. बीड जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'कोयता' म्हणतात. कारखान्यावर गेल्यावर घरी उरलेल्या लेकरांशी बोलणे, मुकादमाने किती उचल दिली याची नोंद ठेवणे, मजुरी खात्यात आली का ते पाहणे, ही सगळी कामे त्या जोडीला फोनवरच करावी लागतात. सर्वांत जाड घट्टे त्यांच्याच बोटांना असतात. दुधाच्या पिशवीचा प्रयोग त्यांच्या बोटांनी केला म्हणजे थरांचा आकडा किती खाली येतो, ते कळेल.

फक्त वेळ साधा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. डिसेंबरच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणून चाचणी नोव्हेंबरात घ्यायला गेलात, तर पुष्कळ घरांना कुलूप दिसेल. सहामाही परीक्षेच्या आधीचा एखादा रविवार गाठा.